नाशिकच्या शाळांतले नाटक

मराठी रंगभूमीच्या इतिहासात शाळेतल्या नाटकाची नोंद सर्वांत कमी सापडते. व्यावसायिक नाटकाची जाहिरात छापून येते, प्रयोगांची संख्या मोजली जाते, परीक्षणे लिहिली जातात. शाळेच्या नाटकाची हस्तलिखित संहिता मात्र स्नेहसंमेलन आटोपले की मास्तरांच्या कपाटात जाते आणि मास्तर निवृत्त झाले की रद्दीत. तरीही नाशिकच्या नाट्यजीवनाकडे पाहिले तर शाळा आणि रंगमंच यांना वेगळे काढता येत नाही. कुसुमाग्रज इथल्या शाळेत आणि महाविद्यालयात शिकले, वसंत कानेटकर इथे शिकवत होते, आणि स्वातंत्र्यलढ्यातली शहराची सर्वांत गाजलेली घटना एका नाट्यगृहात, एका विद्यार्थ्याच्या हातून घडली.

इंग्रजी शाळा येण्याच्या कितीतरी आधी या भागात मुलांना रंगमंचाची ओळख होत असे. नाशिक तीर्थक्षेत्र असल्याने कीर्तन, आख्यान, रामनवमीचे उत्सव हे वर्षभराच्या दिनक्रमातच होते. एक कीर्तनकार एकाच वेळी निवेदक, गायक आणि चार पात्रे कशी होतो, हे मुले काळारामाच्या मंदिरात बसून पाहत. पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या गावांत, बोहाड्याची परंपरा होती आणि आजही आहे. होळीनंतरच्या दिवसांत रात्रभर चालणाऱ्या या सोंगांत गणपती, सरस्वती यांच्यापासून राक्षसांपर्यंत एकेक मुखवटा संबळ-पिपाणीच्या तालावर नाचत येतो. मुखवटा जड असतो आणि त्याच्या डोळ्यांच्या भोकांतून फार थोडे दिसते. म्हणून पाय तालावर पडावे लागतात आणि मान हिशेबाने वळवावी लागते. हे शिक्षण घराण्यातून चालत येते. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हे ठरलेले असते आणि मुलगा बापाचे पाहून शिकतो. अभिनयाची ही शाळा गावाच्या अंगणातच भरत होती, एवढे लक्षात ठेवले की पुढे सरकारी आश्रमशाळांत काय घडले याचा अर्थ लागतो.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'ने मराठी नाटकाला आरंभ झाला आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने संगीत नाटकाला. या दुसऱ्या टप्प्याची मुळे शाळेत होती, हे सहसा सांगितले जात नाही. किर्लोस्करांनी बेळगावात शिक्षकी केली होती आणि गोविंद बल्लाळ देवल बेळगावच्या शाळेत शिकून तिथेच काही काळ शिक्षक झाले होते. इंग्रजी शाळा-महाविद्यालयांत शेक्सपिअर शिकवला जाई, संस्कृतच्या तासाला कालिदास. ही दोन्ही नाटके मुलांनी उभी करून दाखवावीत, म्हणजे उच्चार सुधारतात आणि भीड चेपते, असा त्या काळच्या शिक्षकांचा विचार होता. पालकांचा विचार नेमका उलटा होता. नाटक कंपन्या गोड गळ्याची मुले शोधत फिरत, त्यामुळे पोरगा नाटकाच्या नादी लागला म्हणजे शिक्षणाला मुकला, ही धास्ती मध्यमवर्गीय घराघरांत होती. शाळेतल्या नाटकाला स्नेहसंमेलन हे सभ्य नाव आणि शिक्षकांची देखरेख मिळाली, ती बहुतांशी ही धास्ती घालवण्यासाठी.

नाशिकमध्ये विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर याला राजकारणाचा रंग चढला. विनायक दामोदर सावरकर तेव्हा नाशिकच्या शाळेत शिकत होते. १९०० च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मित्रमेळा सुरू केला. मेळा हा गणेशोत्सवाबरोबर महाराष्ट्रभर पसरलेला प्रकार होता. एकसारख्या पोशाखातली मुले रांगेने, टिपऱ्यांच्या तालावर पदे म्हणत चौकाचौकांत फिरत; मधूनमधून संवाद, सोंगे आणि पोवाडे होत. मित्रमेळ्याची पदे रचणारे गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजे पुढचे स्वातंत्र्यकवी गोविंद, तिळभांडेश्वराच्या बोळात राहत. पायांनी अधू असलेला हा माणूस आधी लावण्या रचत असे. सावरकरांच्या सहवासात त्याच्या लेखणीने अफजलखानवधाचा पोवाडा लिहिला आणि तो मुलांच्या तोंडी बसला. लावणीची लय, पोवाड्याचा जोर आणि शाळकरी मुलांचे पाठांतर यांचा हा मेळ विलक्षण परिणामकारक होता, कारण सभाबंदी करता येते, पण मुलाच्या तोंडचे पद परत घेता येत नाही. १९०४ साली या संघटनेचे अभिनव भारत झाले. गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकरांनी प्रसिद्ध केलेल्या 'लघु अभिनव भारत माला' या पद्यसंग्रहावरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गाण्यांच्या पुस्तकासाठी एवढी शिक्षा झाली, यावरून सरकारला त्या गाण्यांचे किती भय वाटत होते ते कळते.

त्याच वर्षी २१ डिसेंबरच्या रात्री विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचा 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. बदली होऊन निघालेले कलेक्टर आर्थर जॅक्सन यांच्या निरोपासाठी तो ठरला होता. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, मराठी समजत होते आणि नाटकाचे शौकीन होते. जॅक्सन नाट्यगृहात आले तेव्हा औरंगाबादेत शिकणाऱ्या, जेमतेम अठरा वर्षांच्या अनंत लक्ष्मण कान्हेरे याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांवरचा खटला जॅक्सन यांनीच पुढे पाठवला होता, हे त्यामागचे कारण. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ज्या कंपनीत तेव्हा बालगंधर्व नायिकेच्या भूमिका करत होते, तिच्या नाटकाच्या रात्री हे घडले. 'शारदा' हे १८९९ सालचे देवलांचे नाटक म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीच्या लग्नाविरुद्ध होते. समाजसुधारणेचे नाटक आणि सशस्त्र क्रांती त्या रात्री एकाच छपराखाली आली.

या घटनेचे पडसाद रंगभूमीवर लगेच उमटले. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर जानेवारी १९१० मध्ये बंदी आली. नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा १८७६ चा कायदा हाताशी होताच. विद्यार्थ्यांनी राजकीय चळवळींपासून दूर राहावे, अशी परिपत्रके १९०७ पासून निघत होती. नाशिक प्रकरणानंतर शाळांवरची नजर आणखी करडी झाली. मुलांचे मेळे, पोवाडे, ऐतिहासिक प्रवेश या सगळ्यांवर संशय होता. अशा वातावरणात शाळेत सुरक्षित काय, तर पौराणिक कथा, संस्कृत नाटकातला उतारा, फार तर एखादा प्रहसनवजा प्रवेश. मराठी शालेय रंगभूमीला पुराणाची आणि उपदेशाची जी सवय लागली, तिचे एक कारण या भीतीत शोधावे लागते.

त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यात रंगमंचाचा आणि शिक्षणाचा संबंध दुसऱ्या बाजूने जुळत होता. १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली. तिच्यामागे सत्यशोधक विचारांची प्रेरणा होती. शेतकऱ्याच्या पोराला शिकवा, हे सांगायला वर्तमानपत्र उपयोगाचे नव्हते, कारण ज्याला सांगायचे त्याला वाचता येत नव्हते. ते काम सत्यशोधक जलशाने केले. जलशाचा साचा तमाशाचाच, ढोलकी-तुणतुण्यासह. पण शृंगाराला फाटा, गणाच्या जागी निर्मिकाचे स्तवन, आणि बतावणीत सावकार, भटजी व अडाणी शेतकरी यांची जुंपलेली. हसता हसता प्रेक्षकाला समजे की आपण अंगठा कुठे उठवला आणि जमीन कशी गेली. शाळा काढण्यासाठी गावात अनुकूल मन तयार करणारी ही रंगभूमी होती, आणि तिला शालेय रंगभूमीच्या इतिहासातून वगळणे चूक आहे.

पुढचे पाऊल आंबेडकरी जलशाने टाकले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि नाशिक हे अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याचे केंद्र बनले. याच जिल्ह्यातले भीमराव कर्डक १९३० च्या दशकात जलसा घेऊन गावोगाव फिरले. शिक्षण, स्वच्छता, व्यसनमुक्ती आणि हक्कांची जाणीव हे त्यांचे विषय. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक यांना लहानपणी शाळा मिळाली नाही. अक्षरओळख मोठेपणी मुंबईत झाली. ज्यांना शाळेने आत घेतले नाही त्यांची गाणी आज एप्रिलमध्ये शाळाशाळांतल्या आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमांत मुले म्हणतात.

मुलांच्या अभिनयाचा एक दुर्मीळ पुरावा याच काळातला आहे आणि तो पडद्यावरचा आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकमध्ये होती. तिच्या १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केली. चित्रपटाच्या आरंभी ती साध्या वेशात कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते. मग तिचा कृष्ण होतो. हा भाग आजही पाहता येतो. रंगमंचावर बायकांची कामे पुरुष करत असताना एका मराठी मुलीने मुलाची भूमिका केली, आणि बापाने आधी तिची तयारी प्रेक्षकांसमोर मांडली. शिकवून बसवलेला अभिनय आणि मुलाचा मूळचा खेळकरपणा यांची सरमिसळ त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. मुलांचे नाटक बसवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ती काही मिनिटे पाहावीत.

१९१८ साली प्राचार्य त्र्यं. अ. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने गोखले एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९२४ साली तिने नाशिकमध्ये महाविद्यालय काढले. हंसराज प्रागजी ठाकरसी यांचे नाव असलेले हे एचपीटी महाविद्यालय. त्यामुळे शाळेत नाटकाची गोडी लागलेल्या मुलाला ती पुढे नेण्याची जागा गावातच मिळाली. विष्णु वामन शिरवाडकर, म्हणजेच कुसुमाग्रज, याच वाटेने गेले. पिंपळगाव बसवंतहून ते नाशिकच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आले. ही शाळा आज जु. स. रुंगटा हायस्कूल म्हणून ओळखली जाते. तिथून ते एचपीटीत गेले. पदवीनंतर १९३६ च्या सुमारास त्यांनी गोदावरी सिनेटोनमध्ये नोकरी धरली, 'सती सुलोचना'ची पटकथा लिहिली आणि तीत लक्ष्मणाची भूमिकाही केली. लिहिणारा स्वतः तोंडाला रंग लावतो, ही सवय त्या पिढीत होती.

या दशकांत शालेय रंगभूमीला तिची स्वतःची संहिता मिळाली, आणि ती देणारे बहुतेक शिक्षकच होते. पुण्यातले शाळामास्तर शंकर काशीनाथ गर्गे यांनी 'दिवाकर' या नावाने १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. एकच पात्र, समोर अदृश्य माणूस, दोन-तीन मिनिटांचा खेळ. ना नेपथ्य, ना पडदा. वर्गातल्या फळ्यासमोरची जागा पुरते. त्यामुळे गरीब शाळेलाही नाटक करता येऊ लागले आणि नाट्यछटा स्पर्धा हा महाराष्ट्रातल्या शाळांचा नेम झाला. पुण्याच्याच आचार्य अत्र्यांनी मुख्याध्यापक असताना मुलांसाठी 'गुरुदक्षिणा' लिहिले आणि तिथून ते मोठ्या रंगभूमीवर गेले. १९४२ साली नाशिकला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अत्रेच होते.

मुलींचा प्रवेश सावकाश झाला. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांनी भूमिका केल्यानंतरही मुलांच्या शाळेत बरीच वर्षे स्त्रीपार्ट मुलगेच करत राहिले, आणि मुलींच्या शाळेत शिवाजी मुलगी होई. मिशा डिंकाने चिकटवलेल्या असत. सहशिक्षण रुळल्यावर हा प्रकार मागे पडला. मात्र मुलींच्या शाळांतून तयार झालेल्या दमदार अभिनेत्रींना त्या मर्दानी भूमिकांचा फायदाच झाला असला पाहिजे, कारण आवाज मोकळा सोडण्याची परवानगी त्यांना एरवी कुठे होती?

स्वातंत्र्यानंतर शहराच्या नाट्यजीवनाला आकार देणाऱ्या दोन व्यक्ती म्हणजे कुसुमाग्रज आणि कानेटकर. कुसुमाग्रजांनी १९५० साली लोकहितवादी मंडळ स्थापन केले. शालेय पाठ्यपुस्तकांच्या संपादनातही त्यांचा वाटा होता. राज्य शासनाच्या हौशी नाट्यस्पर्धा १९५४ साली सुरू झाल्या आणि नाशिकच्या हौशी संघांना दरवर्षी नवे नाटक उभे करण्याचे निमित्त मिळाले. या संघांतली मंडळी दिवसा शाळांत, बँकांत, छापखान्यांत काम करणारी, संध्याकाळी तालीम. त्यामुळे शाळेच्या नाटकाला जाणता दिग्दर्शक हवा असला तर तो शिक्षकांच्या खोलीतच सापडे.

वसंत कानेटकर एचपीटीत जवळपास पाव शतक मराठीचे प्राध्यापक होते. त्यांचे वडील कवी गिरीश हेही शिक्षकच. 'वेड्याचे घर उन्हात' १९५७ साली पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केले आणि १९६२ साली 'रायगडाला जेव्हा जाग येते' आले. नाशिकमध्ये राहून, तास घेत, मुंबई-पुण्याच्या रंगभूमीला एकामागून एक नाटके पुरवणारा असा दुसरा प्राध्यापक मराठीत नाही. त्यांचे १९६६ चे 'अश्रूंची झाली फुले' तर शिक्षणसंस्थेच्या आतलेच नाटक आहे. तत्त्वनिष्ठ प्राचार्य विद्यानंद, संस्थाचालकांचे डावपेच आणि वाया चाललेला विद्यार्थी लाल्या. ही माणसे रोज जवळून पाहिल्याशिवाय सुचत नाहीत. प्रभाकर पणशीकरांचा विद्यानंद आणि काशीनाथ घाणेकरांचा लाल्या यांनी ते महाराष्ट्रभर नेले. चार वर्षांनी, डिसेंबर १९७० मध्ये, कुसुमाग्रजांचे 'नटसम्राट' आले. गणपतराव बेलवलकरांची स्वगते तेव्हापासून एकपात्री स्पर्धांत मुलांच्या तोंडी आहेत. तेरा वर्षांच्या मुलाने म्हाताऱ्याचा आवाज काढून ती म्हणावीत हे विसंगत वाटते खरे. पण त्या वयात एवढी लांब, श्वासाची परीक्षा पाहणारी वाक्ये पेलण्याचा सराव दुसरा कोणता उतारा देत नाही.

मुलांच्या नाटकाला स्वतंत्र कला मानण्याचा विचार मुंबईतून आला. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर काढले आणि रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले. सुलभा देशपांडे या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी विजय तेंडुलकरांकडून नाटके लिहून घेतली. मूल हा छोटा मोठा माणूस नाही, त्याच्या कल्पनेला राक्षस, चेटकीण, बोलणारी झाडे लागतात, हे या मंडळींनी ठामपणे सांगितले. नाशिकच्या शाळांत याचा परिणाम हळूहळू झाला. शिवचरित्रातले प्रवेश आणि पुराणकथा यांच्या जोडीला बालनाट्ये येऊ लागली.

प्रत्यक्षात शाळेचे नाटक उभे राहते ते अशा रीतीने. दिवाळीची सुट्टी संपली की संहिता निवडली जाते. पात्रनिवडीत अभिनयापेक्षा पाठांतर, खणखणीत आवाज आणि हजेरी यांना महत्त्व. तालीम शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात, बाके भिंतीला सारून. चित्रकलेचे शिक्षक पडदा रंगवतात, संगीताचे पेटी सांभाळतात, शिपाई दोरी ओढतो. संमेलन डिसेंबर-जानेवारीत, नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत, मैदानावर. टेबले किंवा बाके जोडून त्यांवर सतरंजी घातली की मंच तयार. बरीच वर्षे मधोमध टांगलेला एकच मायक्रोफोन असे आणि सगळ्या हालचाली त्याच्या अंतरावरून ठरत. ज्याचे वाक्य तो मध्यभागी सरके, बाकीचे कडेला होत. या अडचणीतून मुलांना एक गोष्ट पक्की समजे. आपले वाक्य संपले की दुसऱ्याला जागा द्यायची.

मोठा मंच मिळण्याची सोयही शहरात झाली. १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचे परशुराम साईखेडकर नाट्यगृह हे शाळांना परवडणारे आणि मध्यवर्ती. महापालिका १९८२ मध्ये झाली आणि पुढे शालिमारजवळ महाकवी कालिदास कलामंदिर उभे राहिले. ज्या मंचावर रात्री व्यावसायिक नाटक होते, त्याच मंचावर सकाळी शाळेचे संमेलन होऊ लागले. खरे विंग, खरे प्रकाश आणि रंगपट मिळाल्याने प्रयोगांची प्रत सुधारली; पण भाडे भरायचे म्हणून प्रत्येक मुलाला मंचावर आणण्याची घाईही आली. सलग नाटकाची जागा ध्वनिमुद्रित गाण्यांवरच्या नृत्यांनी घेतली, ती याच हिशेबाने. एका नाटकात पंधरा मुले, एका नाचात चाळीस. यात तोटा भाषेचा झाला, आणि तो मोठा आहे.

आश्रमशाळांची गोष्ट वेगळी. आदिवासी विकास विभागाचे आयुक्तालय नाशिकमध्ये आहे आणि जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात आश्रमशाळांचे जाळे आहे. तिथली मुले तारपा, पावरी, सोंगांचा नाच घरून शिकून येतात. संमेलनात ही नृत्ये दिसतात, परंतु पाहुण्यांसाठी दहा मिनिटांत आवरलेली. रात्रभराच्या बोहाड्याचा क्रम, घराघरांचे मान, मुखवट्यांची जबाबदारी हे सगळे त्यात गळते. जिथे शिक्षकांनी गावच्या जाणत्यांना शाळेत बोलावले, तिथे हे ज्ञान थोडे अधिक टिकते.

आज शालेय रंगभूमीचा कणा म्हणजे स्पर्धा. शासनाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेचे नाशिक हे एक केंद्र आहे. २०१५ पासून केंद्र सरकारचा कला उत्सव आहे. दहावीला कलांतल्या प्रावीण्याचे वाढीव गुण मिळतात. स्पर्धेमुळे नाटके होतात हे मान्य करूनही एक गोष्ट बोचते: पर्यावरण, मोबाइल, पालकांची अपेक्षा अशा संदेशांच्या ओझ्याखाली अनेक संहितांत मूलच हरवते. याच्या उलट उदाहरणही नाशिकचेच आहे. इथल्या प्राजक्त देशमुख यांचे 'देवबाभळी' एकांकिका म्हणून जन्मले, २०१७ साली पूर्ण संगीत नाटक म्हणून रंगमंचावर आले आणि त्यासाठी त्यांना २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. त्यात तुकारामांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई एकमेकींशी बोलतात. संदेश कुणी देत नाही. अशा लेखकाला घडवणारी एकांकिकांची परंपरा शाळा-महाविद्यालयांच्या आवारातच वाढली आहे.

अनुदानित शाळांत नाट्यशिक्षक असे पद नाही. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन, स्नेहसंमेलन आणि स्पर्धा यांचे काम मराठीचे शिक्षक वेळापत्रकाबाहेर करतात, आणि हंगामात शहरातले हौशी रंगकर्मी त्यांच्या मदतीला शाळेत जातात. असा एक शिक्षक बदलून गेला की त्या शाळेचे नाटक काही वर्षे थांबते, आणि नवा आला की पुन्हा सुरू होते.